नाकसाहेबांचं कपाट

नाकसाहेबांना चहा मुळी आवडतच नाही, असं त्यांच्या सुनेचं ठाम मत होतं. ज्याला एखादी गोष्ट आवडते तो ती गिळतो, थुंकत नाही, एवढं साधं तिचं म्हणणं. नाकसाहेब तर आठवड्यातले चार दिवस, सकाळी नऊ ते साडेदहा, निरनिराळ्या बागांचे सुटे काळे चहा चमच्याने तोंडात ओढत, फुर्र फुर्र आवाज करत, गालातल्या गालात घोळवत आणि पचकन डब्यात थुंकत. मग त्यांचा चेहरा असा काही वाकडा होई की, या म्हाताऱ्याला कुणी हातपाय धरून एरंडेल पाजतंय की काय असं वाटावं.

‘नाकसाहेब’ हे नाव त्यांना ड्रेनेज खात्यात मिळालं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी गटारं तपासली. चेंबरचं झाकण उचललं की साहेब वाकून एकदा हुंगत आणि सांगत, ‘डाव्या हाताच्या तिसऱ्या घराचा पाइप फुटलाय.’ आणि खणलं की तोच फुटलेला निघे. हाताखालची माणसं तोंडाला फडकी बांधून उभी असत, साहेब मात्र उघड्या नाकाने. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना एक शाल आणि चहाचा एक भारीतला डबा दिला. शाल त्यांनी कपाटात टाकली. डबा उघडला, हुंगला आणि तोंड फिरवलं. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास! त्याच तिरमिरीत त्यांनी ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका पाक्षिकाला पत्र लिहिलं. संपादकबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी विचारलं, ‘दर अंकात असं काही लिहाल का?’

नाकसाहेब सात वर्षं लिहीत होते. सदराचं नाव ‘एक घोट’. चांगल्या चहाबद्दल ते दोन ओळी लिहीत, वाईटाबद्दल पानभर. लोकांना अर्थातच पानभरवाले लेख आवडत. चॉकलेटचा वास लावलेल्या चहाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, ‘हा चहा नव्हे, लहान मुलाच्या खिशात विरघळलेली गोळी आहे.’ एकाबद्दल लिहिलं होतं, ‘पहिल्या घोटाला मोजे आठवले, दुसऱ्याला मोजे घालणारा.’ लोक ही वाक्यं एकमेकांना वाचून दाखवत. दुकानदार त्यांच्या सदराची कात्रणं गल्ल्यामागे चिकटवत. दहापैकी आठ मिळालेला चहा पंधरवड्यात संपे आणि दोन मिळालेला फळीवर धूळ खात पडे. साहेबांना हे माहीत होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता, उगाच खोटं कशाला बोला.

‘किळस येणं ही अक्कल आहे,’ ते मुलाला सांगत. ‘ज्याला किळस येत नाही त्याला काहीही पाजावं.’

मुलगा ‘हो बाबा’ म्हणे आणि दूध-साखर घातलेला चहा घेऊन गॅलरीत सटके. तो चहा साहेबांच्या समोर पिण्याची घरात कुणाची छाती नव्हती.

चहा चाखण्याची त्यांची रीत कडक होती. मागच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर पांढरे पेले, ग्रॅमचा काटा आणि गजराचं घड्याळ. पानं तीन ग्रॅम, उकळतं पाणी, पाच मिनिटं, वर झाकण. दूध नाही, साखर नाही, त्या सकाळी दाताला पेस्टसुद्धा नाही. शिवाय त्यांनी स्वतः काढलेला एक नियम होता, जो जगात दुसरं कुणी पाळत नसेल. नवा चहा आला की तो लगेच चाखायचा नाही. आठ दिवस तो त्यांच्या लाकडी कपाटात तसाच ठेवायचा. प्रवासाने चहा बावचळतो, त्याला घराची हवा लागू द्यावी, मग तो खरं बोलतो, असं साहेबांचं शास्त्र होतं. या नियमावर त्यांनी एक अख्खा लेख लिहिला होता आणि बऱ्याच वाचकांनी घरी तसं सुरू केल्याची पत्रं आली होती.

आता थुंकीच्या डब्याचं. तो एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात लाकडाचा भुसा. थुंकलेलं उडू नये, सांडू नये म्हणून भुसा. वापरलेली पानंही त्यातच जात. दर रविवारी साहेब तो भुसा स्वतः टाकून येत आणि नवा भरत. डबा टेबलाखाली असे आणि सुनेचा त्याच्यावर डोळा होता. सून एका दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलावर बसे. दिवसभर माणसं चुळा भरताना बघून ती घरी येई.

‘तिकडेही तेच आणि इकडेही तेच,’ ती एकदा कडाडली. ‘अहो बाबा, माझा जन्म काय दुसऱ्यांच्या चुळा बघण्यातच जायचाय? आज माझी मैत्रीण आली होती. तिचा पाय लागला त्या डब्याला. झाकण उडालं. तिने चहासुद्धा घेतला नाही, निघून गेली!’

‘चहा घेतला नाही ते बरंच झालं. तुमचा तो चहा म्हणजे—’

‘बाबा! तो डबा माझ्या नजरेला पडला तर मी तो उचलून रस्त्यावर ठेवीन. सांगून ठेवते.’

मुलाने बापाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि नखं कुरतडायला घेतली. त्याच्याकडून मदतीची आशा नव्हती. साहेब धुसफुसत मागच्या खोलीत गेले आणि डबा नजरेआड होईल अशी जागा शोधू लागले. जागा एकच होती. लाकडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. डबा तिथे गेला, कपाटाचं दार लागलं, घरात शांतता झाली.

महिन्याभराने सून एकदा म्हणाली, ‘बाबा, या कपाटाला वास येतो हो कसला तरी.’

‘चहाचा वास आहे तो,’ साहेब म्हणाले. ‘तुला कळायचा नाही.’

ती खांदे उडवून निघून गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक पाकीट आलं. बाकीचे चहा पत्र्याच्या डब्यांत नाहीतर चकचकीत बंद पिशव्यांत येत, हे मात्र साध्या खाकी कागदाचं होतं, तोंडाशी शिलाई मशीनची टीप मारलेली. वर शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘थोरलीचा चहा’. सोबत चिठ्ठी. पाठवणारी बाई पूर्वी एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला होती. कारखाना बंद पडला, आता ती घरीच चहा पाकिटांत भरून विकते. कोपऱ्यावरचे दुकानदार तिची पाकिटं ठेवायला लागलेत. ‘साहेब, तुम्ही खरं तेच लिहिता म्हणून पाठवते आहे,’ असं शेवटी होतं.

साहेबांना चिठ्ठी आवडली. त्यांनी पाकीट मधल्या कप्प्यात ठेवलं, आठ दिवस मोजले आणि नवव्या दिवशी टीप उसवली. पानं काळीभोर, सारख्या वळणाची, टोकाला सोनेरी छटा. साहेब खूश झाले. पाणी ओतलं, पाच मिनिटांनी झाकण काढलं, चमचा भरून ओढला.

आंबूस, कुबट, तोंडात फडकं कोंबल्यासारखं काहीतरी टाळूला चिकटलं आणि सुटेना. त्यांनी थुंकलं, पाण्याने तोंड धुतलं, पुन्हा थुंकलं. सात वर्षांत इतकी शिसारी कुठल्या चहाची आली नव्हती. कुठलाही चहा दोनदा चाखल्याशिवाय लिहायचं नाही, या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा चाखला. तेच. उलट जास्तच. साहेबांना बाईचा राग आला. एवढी साळसूद चिठ्ठी लिहायची आणि असली घाण विकायची! ते तडक लिहायला बसले.

‘दिसायला नेटका, वागायला नीच. हा चहा पिताना असं वाटतं की कुणीतरी आपल्याआधी तो पिऊन, चूळ भरून, पेल्यात परत टाकला आहे. दहापैकी शून्य.’

हे वाक्य बरंच गाजलं. संपादकबाईंचा फोन आला, ‘अहो, हसून हसून पोट दुखलं.’ साहेबांनीही ते सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘शी!’ आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. ही त्यांना दादच वाटली.

अंक निघून तीन आठवडे झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात पन्नाशीची एक बाई उभी. हातात कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले, ओठ त्याहून घट्ट.

‘मी थोरलीचा चहावाली,’ ती म्हणाली. ‘भांडायला नाही आले. तुम्हाला काय लागलं ते मला चाखायचंय.’

साहेब चाट पडले. आजवर ज्यांचे चहा त्यांनी झोडपले त्यांनी रागाची पत्रं धाडली होती, एकाने फोनवर आईबहीण काढली होती, पण चाखायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. त्या दिवशी सुनेला सुट्टी होती, तीही दारात येऊन उभी राहिली.

‘थोरली म्हणजे माझी मोठी बहीण,’ बाई बसता बसता म्हणाली. ‘चहाच्या बागेत पानं निवडायच्या कामावर आहे, तीस वर्षं झाली. माझा कारखाना बंद पडला तेव्हा म्हणाली, मी निवडून पाठवते, तू वीक. तिच्या हातची पानं आहेत साहेब. ती एक कुजकं पान जाऊ देणार नाही. तुमचं लिहिलेलं मी तिला अजून कळवलेलं नाही.’

तिने पिशवीतून एक नवं पाकीट काढलं. साहेबांनी कपाटातलं जुनं, अर्धं राहिलेलं काढलं. दोन पेले मांडले, तीन-तीन ग्रॅम, पाच मिनिटं. घड्याळ टिकटिकत होतं.

साहेबांनी आधी तिचा नवा चहा ओढला. आणि ते थांबले. जिभेवर मधासारखं काहीतरी आलं, मग हलका तुरटपणा, मग कितीतरी वेळ नुसती ऊब. त्यांनी तो थुंकला नाही. किती वर्षांनी ते चहा गिळत होते कोण जाणे.

बाईने जुना पेला उचलला आणि घोट घेतला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पदराने ओठ दाबत ती खिडकीशी धावली आणि बाहेर थुंकली.

‘ई गं! हे... हे माझं नाही,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘पानं माझी आहेत, पण हे माझं नाही. तुम्ही ठेवलं कुठे होतं?’

साहेबांनी बोटाने कपाट दाखवलं. बाई कपाटापाशी गेली. मधल्या कप्प्यात डोकं घालून तिने श्वास घेतला आणि झटकन मागे आली. मग खाली बसली, खालचा कप्पा उघडला, डब्याचं झाकण उचललं.

शुक्रवार होता. पाच दिवसांचा भुसा काळा, ओला, फुगून वर आलेला. त्यावर चघळल्यासारखी पानं, पांढुरकी बुरशी आणि मधेच एक बुडबुडा. तो साहेबांच्या डोळ्यांदेखत फुटला. वास खोलीभर आला. सुनेने नाकाला ओढणी लावली. बाईने झाकण परत ठेवलं आणि हात कुठे पुसावा हे न कळून तसाच अधांतरी धरून उभी राहिली.

साहेबांना मात्र वास आला नव्हता. म्हणजे आत्ता, सगळ्यांकडे बघितल्यावर, यायला लागला. गटारालगतच्या बिऱ्हाडांत जाऊन आपणच माणसांवर कसे खेकसायचो ते त्यांना आठवलं. ‘तुम्हाला येत नाही कारण तुम्ही रोज त्यातच बसता!’ बंद डब्यांतले चहा वाचले होते, कागदाचं पाकीट मात्र आठ दिवस त्यांची थुंकी पीत बसलं होतं. आणि तीच त्यांनी चाखली होती, दोनदा, काटेकोरपणे. वर सगळ्या गावाला तिचं वर्णन करून सांगितलं होतं आणि लोक हसले होते.

ते न्हाणीत गेले आणि त्यांना खरोखरच ओकारी झाली.

बाहेर आले तेव्हा सून डबा घेऊन खाली गेली होती. बाई खुर्चीत बसून आपल्या पाकिटाची टीप बोटाने चाचपत होती.

‘मी छापतो,’ साहेब म्हणाले. ‘पुढच्याच अंकात. थोरलीच्या चहात काही खोट नव्हती, तो वास माझ्या थुंकीचा होता. स्वच्छ शब्दांत.’

बाईचं बोट टिपेवर थांबलं.

‘नको,’ ती म्हणाली.

‘अहो, नको कसं? माझी चूक—’

‘साहेब, तुम्ही लिहाल थोरलीचा चहा आणि लिहाल थुंकी. एकाच ओळीत. लोक काय लक्षात ठेवतील? आता निदान नुसतं वाईट लागतो म्हणतात. मग पाकीट बघितलं की तुमचा डबा डोळ्यांसमोर येईल. मी शिवणकाम करणारी बाई, पण एवढं मला कळतं. माझ्या बहिणीचं नाव त्या डब्याजवळ नेऊ नका. परत लिहूच नका ते नाव. कधीच.’

तिने नवं पाकीट उचलून पिशवीत घातलं, तेसुद्धा तिथे ठेवलं नाही. जाताना दारात म्हणाली, ‘दुकानदारांनी पाकिटं घेणं थांबवलंय. बघते, आणखी कुठे घेतात का.’

साहेब दोन दिवस जेवले नाहीत. कपाट त्यांनी घासून काढलं, उन्हात ठेवलं आणि शेवटी भंगारवाल्याला देऊन टाकलं. मुलाने विचारलं, ‘बाबा, सदर बंद करणार का?’ तेव्हा त्यांच्या मनात तसं होतंही. आपली अब्रू जायचीच, तर ती आपल्याच हातांनी जाऊ दे, असं ठरवून ते बसले आणि सगळं लिहून काढलं. भुसा, बुरशी, बुडबुडा, आठ दिवसांचं शास्त्र, सगळं. फक्त चहाचं नाव घेतलं नाही. ‘एका चांगल्या चहाला मी वाईट ठरवलं, तो चहा कुठला ते सांगायची मला परवानगी नाही,’ एवढंच. शेवटी लिहिलं, ‘या वर्षातलं माझं काहीही खरं मानू नका.’

लेख छापून आला आणि साहेब दारं-खिडक्या लावून शिव्या खायला तयार होऊन बसले.

शिव्या आल्याच नाहीत. आली ती कौतुकाची पत्रं, ढीगभर. ‘असा प्रामाणिकपणा आजकाल कुठे!’ ‘वाचताना मळमळलं आणि हसूही आवरेना.’ कुणीतरी भुशाच्या डब्याचं चित्र काढून पाठवलं. संपादकबाई म्हणाल्या, ‘अंक संपला, पुन्हा छापतोय. अहो, तुम्ही आता दर वेळी स्वतःचीच एकेक फजिती लिहा!’ सुनेच्या दवाखान्यातल्या दंतवैद्यांनी लेख भिंतीवर लावला. तो चहा कुठला असेल, असं मात्र एकानेही विचारलं नाही. एकेक पाकीट फोडताना साहेबांच्या घशाशी येत होतं. डबा बघून आली होती त्याहून ही शिसारी वाईट होती, कारण ती थुंकून टाकता येत नव्हती.

शेवटी न राहवून ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार गल्ल्यामागून उठूनच उभा राहिला.

‘या, या साहेब! काय लिहिलंय तुम्ही! बायकोला वाचून दाखवलं, ती तर दोन दिवस चहाच प्याली नाही.’ गल्ल्यामागे नवं कात्रण चिकटवलेलं होतं.

साहेबांनी फळ्यांवरून नजर फिरवली. खाकी कागद कुठे दिसेना.

‘ते थोरलीचा चहा म्हणून एक पाकीट असायचं तुमच्याकडे,’ ते म्हणाले. ‘कागदाचं, टीप मारलेलं.’

‘ते होय? नाही ठेवत आता. बाई आली होती दोनदा, विनवत होती. पण गिऱ्हाईक हात लावत नाही. वास मारतो म्हणतात. कुणीतरी लिहिलं होतं वाटतं कुठेसं.’

‘मी लिहिलं होतं,’ साहेब म्हणाले.

‘तुम्ही?’ दुकानदाराचा चेहरा उजळला. त्याने मागच्या कात्रणाकडे मोठ्या आदराने पाहिलं. ‘मग तर प्रश्नच मिटला. स्वतःचं सुद्धा न झाकणारा माणूस दुसऱ्याबद्दल खोटं कशाला लिहील?’

साहेबांनी तोंड उघडलं. सांगायचं ते जिभेवर होतं, पण ते सांगायला ते नाव त्या डब्याशेजारी ठेवावं लागणार होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि जे आत होतं ते गिळून टाकलं.